महिन्याचा पगार थांबतो, वर्षाचा हिशेब सुरू होतो

पेणहून अलिबागकडे जाताना वडखळ मागे पडले, की काही मिनिटांतच अंबा नदीचे रुंद पात्र लागते. हीच धरमतरची खाडी. रस्त्यांचे जाळे आजच्यासारखे नव्हते तेव्हा मुंबईचा चाकरमानी बोटीने धरमतरला उतरत असे आणि पुढे मोटारीने महाड-पोलादपूरकडे निघत असे. आता खाडीच्या काठावर डोलवीचा पोलाद कारखाना आहे, मालाच्या बार्जेस धक्क्याला लागतात आणि पुलावरून शनिवारी-रविवारी अलिबागच्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. या गर्दीत एक वाहतूक मात्र फारशी नजरेत भरत नाही. मुंबई, ठाणे, पनवेलमध्ये आयुष्यभर नोकरी करून निवृत्तीनंतर गावच्या घरी परतणाऱ्यांची. ‘गावी खर्च कमी, पेन्शनमध्ये सहज भागेल,’ हा त्यांचा हिशेब असतो.

हा हिशेब अर्धा खरा आहे. घरभाडे नसते, सोसायटीचा मासिक आकार नसतो, परसात शेवगा आणि अळू असते. परंतु निवृत्तांचे अंदाजपत्रक बिघडते ते बहुधा रोजच्या भाजीने नव्हे. ते बिघडते वर्षातून एकदा येणाऱ्या आणि म्हणूनच महिन्याच्या वहीत कधी न लिहिल्या जाणाऱ्या खर्चांनी. ज्यांनी तीस वर्षे पगाराच्या तारखेवर संसार केला, त्यांना महिन्यापलीकडे पाहण्याची सवय नसते. धरमतरच्या खाडीकाठची जुनी घरे मात्र कधीच महिन्यावर चालली नाहीत; ती वर्षावर चालली.

आगोटीचे अर्थशास्त्र

पेण आणि अलिबाग तालुक्यांतील खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. येथे आगरी-कोळी घरांत मे महिना आला की ‘आगोट’ भरण्याची लगबग सुरू होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची ही बेगमी. तांदूळ, डाळी, वाल, हळद-मिरची कुटून केलेला वर्षाचा मसाला, चिंच, आमसूल, जाडे मीठ, पांढऱ्या कांद्याच्या माळा, पापड-कुरडया आणि सुकी मासळी – सुके बोंबील, जवळा, वाकट्या, ऐपत असेल तर सोडे. त्याच्या जोडीला सरपण आणि घराची शाकारणी. एकेकाळी पावसात रस्ते बंद होत, होड्या किनाऱ्याला लागत आणि शेतमजुरीखेरीज हाती पैसा येत नसे, म्हणून ही प्रथा पडली.

आज दुकाने बारमाही उघडी असतात, म्हणून आगोट कालबाह्य झाली असे अनेकांना वाटते. परंतु पावसाळ्यात भाज्यांचे आणि मासळीचे भाव चढतात, हे काही बदललेले नाही. राज्याच्या सागरी हद्दीत १ जूनपासून सुमारे दोन महिने यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. या काळात ताज्या मासळीचा हट्ट धरणे म्हणजे बर्फातल्या मालाला चढा भाव मोजणे. मेमध्ये घेतलेला जवळा आणि घरचे वाल यांवर आठवड्याचे तीन दिवस काढणारे घर याच काळात बचत करते. नव्या हंगामात, उन्हाळ्याच्या आसपास घेतलेली अलिबागची पांढऱ्या कांद्याची माळ नीट टांगली तर पावसाळ्यात उपयोगी पडते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या कांद्याचे नाव मोठे झाल्यापासून महामार्गावर त्याच्या नावाने भलताच कांदाही विकला जातो, हे जाता जाता ध्यानात ठेवावे.

मात्र जुनी आगोट आठ-दहा माणसांच्या खटल्यासाठी होती. आज घरात दोघेच असतात. त्यांनी आईच्या काळातल्या मापाने डाळ आणि तांदूळ भरले तर ऑगस्टपर्यंत टोके पडतात आणि बचतीचे नुकसान होते. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घाऊक खरेदी करून वाटून घेणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे. आणखी एक सावधगिरी वैद्यकीय आहे. सुकी मासळी खारवलेली असेल तर तिच्यात मिठाचे प्रमाण बरेच असते. रक्तदाब असलेल्यांनी ती भिजवून, पाणी टाकून आणि बेताने खावी. अन्यथा मासळीत वाचलेले पैसे औषधांच्या दुकानात जातात.

ज्यांची स्वतःची भातशेती आहे त्यांचा वर्षाचा तांदूळ बाजारातून येत नाही. हे उत्पन्न वहीत कोणी मांडत नाही, पण ते खरे उत्पन्न आहे. दुर्दैवाने खारेपाटात उधाणाच्या भरतीने बाहेरकाठे फुटून खारे पाणी शेतात शिरण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. अशी जमीन काही हंगाम नापीक होते आणि कालपर्यंत तांदूळ विकणारे घर तो विकत घेऊ लागते. पाण्याचेही तसेच. तालुक्यात हेटवणे धरण असूनही वाशी-शिर्कीसारख्या गावांनी उन्हाळ्यात वर्षानुवर्षे पिण्याच्या पाण्याची टंचाई सोसली. शहरातून परतणाऱ्याने गावातला नळ कोणत्या महिन्यात किती दिवसांनी येतो याची चौकशी घराच्या रंगाआधी करावी.

शिल्लक दिसते, तूट असते

वर्षाचा हिशेब का मांडायचा हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

खासगी कारखान्यातून निवृत्त झालेला गृहस्थ आणि त्याची पत्नी, असे जोडपे धरू. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात १८ लाख रुपये आले. त्यातील १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ३ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत आणि ३ लाख अडीअडचणीसाठी बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवले. ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर ८.२ टक्के धरला तर तिमाहीला २४,६०० रुपये, म्हणजे महिना ८,२०० रुपये मिळतात. मासिक प्राप्ती योजनेचे ७.४ टक्क्यांनी महिना १,८५० रुपये. कर्मचारी निवृत्तिवेतन ४,००० रुपये. एकूण महिना १४,०५० रुपये. बँकेतल्या ठेवीचे व्याज ठेवीतच साठू द्यायचे आहे.

आता खर्च. किराणा, दूध, भाजी, मासळी ६,००० रुपये; वीज, गॅस, पाणी, फोन २,००० रुपये; औषधे १,५०० रुपये; प्रवास आणि किरकोळ १,००० रुपये. बेरीज १०,५०० रुपये. महिन्याच्या वहीत ३,५५० रुपये शिल्लक दिसते आणि माणूस निर्धास्त होतो.

पण वर्षाची वही उघडली की चित्र पालटते. गणपती आणि दिवाळी मिळून १६,००० रुपये. घरपट्टी आणि पावसाळ्यापूर्वीची छपराची दुरुस्ती १०,००० रुपये. लग्नकार्ये, आहेर, जत्रा ८,००० रुपये. दात, डोळे, रक्ताच्या तपासण्या १२,००० रुपये. पंप, मिक्सर, पंखा यांपैकी काही ना काही बिघडते त्याचे ५,००० रुपये. हे ५१,००० रुपये झाले. वर्षाचा एकूण खर्च १ लाख ७७ हजार, उत्पन्न १ लाख ६८ हजार ६०० रुपये. महिन्याला साडेतीन हजार शिल्लक दाखवणारे घर प्रत्यक्षात वर्षाला ८,४०० रुपये तुटीत आहे. ही तूट मुदत ठेव मोडून भरली जाते आणि ‘गणपतीत जरा जास्त झाले’ असे म्हणून विसरली जाते.

म्हणून वर्षाच्या खर्चाची यादी आधी करून तिचा बारावा हिस्सा – या उदाहरणात ४,२५० रुपये – पेन्शन जमा होताच वेगळ्या आवर्ती ठेवीत किंवा वेगळ्या खात्यात टाकावा. उरलेल्यात महिना भागवावा. कात्री कोठे लावायची ते मग आपोआप दिसते.

सणाचा खर्च हा नाजूक विषय आहे. पेण हे गणेशमूर्तींचे माहेरघर. पेण, हमरापूर, जोहे परिसरातील कारखान्यांतून मूर्ती देशभर आणि परदेशात जातात. येथे गणपतीत हात आखडता घेणे कोणालाच रुचत नाही, आणि मुंबईहून येणारे दहा-बारा पाहुणे जेवणार ते निवृत्ताच्याच घरी. यावर काही कुटुंबांनी काढलेला मार्ग साधा आहे. भावंडांनी आणि कमावत्या मुलांनी वर्गणी ठरवून ती आधीच घरच्या वडीलधाऱ्यांकडे द्यायची. मागायला संकोच वाटतो हे खरे. पण ठेव मोडायला संकोच वाटू नये आणि मुलाला सांगायला वाटावा, ही रीत उलटी आहे.

औषधांत सहज बचत होऊ शकते. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. जनऔषधी केंद्रांत मिळणारी जेनेरिक औषधे नाममुद्रेच्या औषधांपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचा सरकारचा दावा आहे. डॉक्टरांना विचारून त्यांतील निम्मी जरी बदलता आली आणि महिन्याचे ६०० रुपये वाचले तरी वर्षाचे ७,२०० रुपये होतात. उदाहरणातील तूट जवळपास तेवढ्यानेच भरून निघते. उलट गोळी एक दिवसाआड घेऊन केलेली काटकसर सर्वांत महाग पडते.

रुग्णालयाच्या मोठ्या खर्चासाठी ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेचे कार्ड २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस खुले झाले. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात अंतर्भूत आहेत. ही सोय दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दरमहाच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात धरू नये. कार्ड आजारी पडल्यावर नव्हे, आधी काढावे आणि जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे ते पाहून ठेवावे. प्रवासाबाबत, एसटीने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे होतेच आणि मार्च २०२३ मध्ये सर्व महिलांना निम्मी सवलत मिळाली. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली.

पेन्शन जागच्या जागी, भाव पुढे

सरकारी सेवकाच्या निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता असतो आणि तो वर्षातून दोनदा सुधारला जातो. कारखान्यातून निवृत्त झालेल्याच्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत तशी तरतूद नाही. एकदा ठरलेली रक्कम वर्षानुवर्षे तीच राहते. योजनेचे सूत्र सोपे आहे. निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. १५ हजार रुपये वेतन आणि २५ वर्षे सेवा धरली तर ५,३५७ रुपये येतात. पण सप्टेंबर २०१४ पूर्वी वेतनाची कमाल मर्यादा ६,५०० रुपयेच होती आणि त्या आधीच्या सेवेला तीच लागू होते, त्यामुळे बहुतेकांच्या हाती याहून बरेच कमी पडते. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले. ते वाढावे म्हणून वृद्धांनी मोर्चे काढले, उपोषणे केली.

महागाई सरासरी सहा टक्के राहिली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठाव्या वर्षी १ लाख ७७ हजारांत चालणारे घर बहात्तराव्या वर्षी साडेतीन लाख मागेल. इतकी वाढ कोणतीही काटकसर भरून काढू शकत नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. कारण काटकसरीचे सल्ले ऐकून आपणच उधळे आहोत असा अपराधभाव अनेक वृद्ध मनात बाळगतात. उपाय एवढाच, की पहिल्या सात-आठ वर्षांत सगळे व्याज खर्च न करता काही ठेवींचे व्याज मुदलात मिळू द्यायचे. सात टक्क्यांनी वाढणारे तीन लाख साधारण दहा वर्षांत सहा लाख होतात.

व्याजदरही स्थिर नसतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ऑगस्ट २००४ मध्ये नऊ टक्क्यांनी सुरू झाली. मार्च २०२० पर्यंत ८.६ टक्के असलेला दर १ एप्रिल २०२० पासून ७.४ टक्के झाला. म्हणजे १२ लाखांवरचे महिन्याचे व्याज ८,६०० वरून ७,४०० रुपयांवर आले. पुढे वाढत तो एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्क्यांवर पोहोचला. पैसे गुंतवताना असलेला दर पाच वर्षांसाठी पक्का राहतो. त्यामुळे सगळी रक्कम एकाच दिवशी न गुंतवता दोन-तीन टप्प्यांत गुंतवली तर दर घसरल्याचा फटका एकदम बसत नाही. मात्र ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्याला निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांतच ती या योजनेत घालता येते. साठीनंतर हे बंधन नाही.

मुदलाला हात लावायचा नाही, ही आपल्याकडची दृढ शिकवण. ऐन साठीत ती योग्यच आहे. पण ऐंशीव्या वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलून मुलांसाठी ठेवी राखणारे आजी-आजोबा खारेपाटात आणि दादरमध्येही सारखेच आढळतात. घर आणि जमीन मुलांना मिळणारच असते. ठेवी ज्यांनी साठवल्या त्यांच्या म्हातारपणासाठीच त्या होत्या.

पेणचा धडा

आणि तरीही, या परिसरात निवृत्तांच्या बचतीचा विषय निघाला की बोलणे किराण्यावर किंवा व्याजदरावर थांबत नाही. ते पेण अर्बन बँकेवर येते. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध लादले आणि ठेवी अडकल्या. बनावट कर्जखाती दाखवून पैसा वळवल्याचे आणि त्यातून जमिनी खरेदी झाल्याचे आरोप झाले. ठेवीदारांत मूर्तिकार होते, पापड-पोह्यांचे घरगुती उद्योग करणाऱ्या बायका होत्या, शेतकरी होते आणि भविष्यनिर्वाह निधीची सगळी रक्कम एकाच बँकेत ठेवलेले निवृत्त होते. ओळखीची बँक, ओळखीचे संचालक, अर्धा टक्का जास्त व्याज. त्यांनी उधळपट्टी केली नव्हती. ठेवीदारांनी संघर्ष समिती स्थापून मोर्चे काढले, न्यायालयात दाद मागितली. यात वर्षामागून वर्षे गेली आणि काही जण आपले पैसे पाहण्याआधीच गेले.

तेव्हा ठेव विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती आणि बँक अवसायनात निघाल्याखेरीज तेवढेही मिळत नसत. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण घडले, ऑगस्ट २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेचा परवाना रद्द झाला. या दरम्यान कायदा बदलला. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा पाच लाख रुपये झाली आणि सप्टेंबर २०२१ पासून, बँकेवर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली.

या तरतुदीचे बारकावे निवृत्ताने पाठच करावेत. पाच लाखांची मर्यादा प्रत्येक खात्याला नसून एका बँकेतील एका ठेवीदाराला आहे. वडखळच्या शाखेत तीन लाख आणि पेणच्या शाखेत चार लाख ठेवले तर सात लाखांना नव्हे, पाच लाखांनाच संरक्षण मिळते. मुद्दल आणि साठलेले व्याज दोन्ही त्यात मोजले जाते. पतीच्या एकट्याच्या नावाची, पत्नीच्या एकटीच्या नावाची आणि दोघांची संयुक्त खाती वेगवेगळी धरली जातात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावोगावच्या पतसंस्था या विम्याच्या कक्षेत येत नाहीत. पतसंस्थेच्या फलकावर ‘बँकेपेक्षा जास्त व्याज’ लिहिलेले असते, तेव्हा ते जास्तीचे व्याज कोणत्या जोखमीचा मोबदला आहे हे फलकावर लिहिलेले नसते. पोस्टातील योजनांमागे केंद्र सरकारची हमी आहे, म्हणून दोन दशांश टक्के कमी मिळाले तरी म्हातारपणाच्या पैशाचा मोठा वाटा तेथे असणे बरे.

वर दिलेल्या उदाहरणातील जोडप्याकडेच पुन्हा पाहू. जेनेरिक औषधे, बेगमी, एसटीची सवलत, सणाची वर्गणी असे सगळे जमवून त्यांनी वर्षाला १५ हजार रुपये वाचवले, तर दहा वर्षांचे दीड लाख होतात. ज्येष्ठ नागरिक योजनेतले त्यांचे १२ लाख अर्धा टक्का जास्त व्याजाच्या मोहाने एकाच पतसंस्थेत गेले, तर वर्षाचे ६,००० रुपये जास्त मिळतील. ती संस्था बुडाली, तर ते १२ लाख परत जमवायला ऐंशी वर्षे काटकसर करावी लागेल.

खाडीकाठच्या घरांत शाकारणी आगोटीच्या आधी होत असे. छप्पर गळके असेल तर कणगीत भरलेला तांदूळ भिजतोच.